धाऊनाना आणि हातकाम

धाऊनानांच्या घरात बिबट्या, साप, वीज, तहसील कचेरी आणि नानी यांचं नाव घ्यायला सक्त मनाई आहे.

पहिल्या चौघांचं एक वेळ समजू शकतं. पण नानी म्हणजे नानांची बायको. सगळा धनगरवाडा तिला नानी म्हणतो, मीही नानीच म्हणते. तिचं खरं नाव काय, हे मला वेल्ह्यात नोकरी लागून चार उन्हाळे गेले तरी ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे, पण इथं लिहिणार नाही. नाना वाचत नाहीत, तरी नाही.

नानांचा वाडा तोरण्याच्या अंगाला, चढणीवर. वाडा म्हणजे कारवीच्या कुडाची, शेणानं लिंपलेली पाचसहा घरं. नानांकडे चार म्हशी, थोडी शेरडं आणि नानी. मूलबाळ नाही. रोज सकाळी ते दुधाची किटली घेऊन वेल्ह्यात उतरतात. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवते, त्यामुळे माझ्या दारात ते दुधाबरोबर एखादी शंकाही ओतून जातात. जिला इंग्रजी येतं तिला सगळंच येत असणार, असा त्यांचा माझ्याबद्दल गैरसमज आहे आणि तो दूर करण्याची मला कधी घाई वाटली नाही.

मी मूळची भोरची. बाजारपेठेत वाढलेली, रानाची सवय नसलेली. वेल्ह्यात नवी होते तेव्हा एकदा दूध घेता घेता सहज विचारलं, "नाना, तुमच्या वाड्यावर बिबट्या येतो का हो?"

नानांनी किटली खाली ठेवली. मागं वळून बघितलं. मग माझ्या अगदी जवळ येऊन म्हणाले, "हळू, बाई. पाव्हना म्हना."

"का?"

"नाव घेतलं की येतंय."

मी शहाणी, मी हसले. त्याच आठवड्यात आमच्या शाळेमागच्या घराचं कुत्रं पाव्हण्यानं उचलून नेलं. दुसऱ्या दिवशी दूध घालताना नाना माझ्याकडे बघत राहिले. कुत्रं मीच खाल्लंय असं ते बघणं होतं. तेव्हापासून मीसुद्धा पाव्हणाच म्हणते. माझ्याकडे बी.एड.ची पदवी आहे, पण अंधार पडल्यावर ती काही कामाला येत नाही.

सापाला लांबडं तर आमच्याकडे सगळेच म्हणतात. नानांनी मात्र यादी वाढवत नेली आहे. वीज म्हणजे "वरची". दरड म्हणजे "खाली आलेलं". तहसील कचेरी म्हणजे "मोटं घर", कारण एकदा वाड्यावर बसून कुणी तिचं नाव काढलं आणि दुसऱ्याच दिवशी तलाठी मोजणीचं सांगत वर आला. वेल्ह्याच्या बाजारात हॉटेलातला टीव्ही चालू असला की नाना चहा घेऊन बाहेर येतात आणि रस्त्यात उभं राहून पितात. म्हणतात, "त्यात दिसभर समद्यांची नावं घेत्यात. मंग येनार न्हाई तर काय हुईल?"

म्हशींनाही नावं नाहीत. एक पुढची, एक मागची, एक मारकी आणि एक ती. "ती" सगळ्यांत जास्त दूध देते आणि नाना तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहतात, तेव्हा त्यांना हाक मारली तरी ऐकू जात नाही.

नानीला बोलवायचं तर नाना खाकरतात. एकदा खाकरले की पाणी हवं. दोनदा खाकरले की "कुठं हायेस?" लांबलचक, शेवटी घोगरं होणारं खाकरणं म्हणजे भाकरीला उशीर झाला. नानी गोठ्यात असो, ओढ्यावर असो, खाकरल्याबरोबर तिकडून आवाज येतो, "आले." मग ती खरंच येते. मी एकदा नानीला म्हटलं, "असं कसं हो चालतं तुम्हाला? नुसतं खोकून बोलावतात." नानी हसली. पदर तोंडाला लावून हसण्याची तिची पद्धत. म्हणाली, "लगनात बी घेतलं न्हाई, आता काय घेत्यात."

मग तिनं लग्नाची गोष्ट सांगितली. नवरा-नवरी घरी आल्यावर बायकांनी दार अडवलं. नाव घ्या, मगच आत. नवरदेव गप्प. बायका हटेनात. कुणी तयार उखाणा कानात सांगितला, तरी गप्प. नवरी उंबऱ्यात डोक्यावर पदर घेऊन ताटकळलेली. आणि मग एकाएकी नवरदेव दिसेनासा झाला. थोड्या वेळानं घराच्या आतूनच खाकरल्याचा आवाज आला. नाना घरामागं जाऊन कुडाच्या कारव्या मोडून आत शिरले होते. सासऱ्यानं तो कूड नव्या सुनेच्या देखत शिव्या देत लिंपला. नानी म्हणाली, "म्या म्हनलं, ह्यो मानूस कुड मोडंल पर नाव घ्याचा न्हाई."

अशा माणसाच्या घरात गेल्या वर्षी एक नवा शब्द शिरला.

नानीच्या पोटात उजव्या बाजूला, बरगडीखाली, दुखू लागलं होतं. आधी जेवल्यावर, मग केव्हाही. वाड्यावरचे सगळे पाले आणि काढे झाले. शेवटी मीच मागं लागून दोघांना भोरला नेलं. तिथल्या एका लहानशा दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, फोटो काढला, आणि सांगितलं की पित्ताची पिशवी खड्यांनी भरली आहे, ती काढून टाकायला हवी. त्यांनी जो शब्द वापरला तो ऐकून नाना खुर्चीवरून उठले आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या दारात आले आणि दूध न घालताच उंबऱ्याशी बसले.

"बाई, त्यो सबुद काय हाय?"

"कुठला? ऑपरेशन?"

नाना बसल्या जागी मागं सरकले. "म्हनू नगा."

"अहो, पण करावं तर लागणारच आहे."

"करू की. म्या न्हाई कुठं म्हनतोय? पर घरात काय म्हनायचं त्येला? त्योच सबुद म्हनून न्हेलं तर..."

मला हसू यायला हवं होतं. पण नानांचे हात किटलीच्या कडीवर असे आवळलेले होते की हसू आलं नाही. म्हटलं, ठीक आहे, शब्दच हवा ना, शब्द माझ्याकडे पुष्कळ आहेत.

"शस्त्रक्रिया म्हणा."

"त्यात शस्तर हाय."

"मग शल्यक्रिया. शल्य म्हणजे अंगात रुतलेलं काहीतरी, काटा नाहीतर बाणाचं टोक. जुने वैद्य ते बाहेर काढायचे. तेवढंच."

नानांनी यावर विचार केला. म्हणाले, "काटा काडला तरी टोक आत ऱ्हातंय. मागचीच्या खुरात ऱ्हायलं हुतं. लई दिस लंगडत हुती. न्हाई."

शाळेतून आल्यावर मी मोठा शब्दकोश काढला. 'सर्जरी' मला रोज दिसणारा शब्द, पण त्याचं मूळ मी कधी पाहिलं नव्हतं. हा शब्द निघाला ग्रीकांकडून. त्यांच्या भाषेत 'खेइर' म्हणजे हात आणि 'एर्गोन' म्हणजे काम. तिथून तो लॅटिनात गेला, मग फ्रेंचांकडे, आणि वाटेत झिजत झिजत इंग्रजांच्या घरी आला तेव्हा त्यातला हात ओळखूसुद्धा येईनासा झाला. पूर्वी औषधानं, पथ्यानं बरं करणारे वैद्य वेगळे आणि हातानं बरं करणारे वेगळे. त्या दुसऱ्यांचं ते हाताचं काम. मूळ शब्दात ना सुरी, ना रक्त. मला इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याची वाट बघत मी दारात उभी होते.

"हातकाम," मी म्हणाले.

"हातकाम?" नानांनी शब्द तोंडात घोळवला. मग पुन्हा म्हणाले, आणि इकडंतिकडं बघितलं. काही आलं नाही. "येवडंच?"

"एवढंच. जुन्या लोकांनी तेच नाव ठेवलंय."

"मंग भ्याचं काय त्यात?" असं म्हणून त्यांनी मापापेक्षा जास्त दूध घातलं आणि चढणीला लागले. दोन दिवसांत सगळा धनगरवाडा म्हणू लागला की नानीचं भोरला हातकाम हाय. मला माझ्या विद्येचा गर्व झाला. इतकी वर्षं मुलांना शब्दार्थ पाठ करायला लावले, पण एखाद्या शब्दार्थानं कुणाची भीती गेल्याचं मी पहिल्यांदाच बघत होते.

भीती कुठली जायला. ती फक्त दुसऱ्या खोलीत गेली होती. चारच दिवसांनी नाना उंबऱ्याशी बसले.

"बाई, हातकाम हाय तर मंग समदं हातावरच आलं."

"हो."

"हात कुनाचा?"

आता सुरीची भीती घालवता येते. ती पाण्यात उकळतात, स्वच्छ करतात, सगळ्या दवाखान्यांत सारखीच असते. हाताचं काय सांगणार? हात माणसाचा असतो आणि माणूस कसा असेल याची खात्री देणारा शब्द कुठल्याच कोशात नाही. नानांनी हाताच्या चौकशा सुरू केल्या. कुणाचं कुठं हातकाम झालं, हात कसा होता, जाड की बारीक, गरम की गार. वेल्ह्याच्या एसटी स्टँडवर ते अनोळखी माणसाला विचारत, "तुमचं कुनी केलं? हात बघितला हुता का?" लोक लांब सरकून बसत. एकीकडे हे, आणि दुसरीकडे तारीख पुढं ढकलणं. पुढची व्याली की. गवत कापून झालं की. दिवाळी झाली की. मी रागावले, समजावलं, शेवटी बोलणं सोडलं. नानी पोटाला पदराची गाठ आवळून शेण काढत राहिली.

दिवाळीनंतर एका सकाळी दूध आलं नाही. दुपारी वाड्यावरचा एक जण धावत शाळेत आला. नानीला थंडी वाजून ताप भरला होता, डोळे पिवळे झाले होते आणि ती उठत नव्हती.

तिला डालग्यात, बांबूच्या मोठ्या टोपलीत, बसवून चौघांनी खाली आणलं. जीप करून आम्ही भोरला निघालो. मागच्या बाकावर नानीचं डोकं माझ्या मांडीवर, पाय नानांच्या मांडीवर. अंग तापलेलं. वाटेत नाना मधूनमधून खाकरत होते, आणि ती डोळे मिटूनच "आले" म्हणत होती. भोर जवळ आलं तसा "आले" हळू होत गेला. मला भीती वाटत होती. नानांसाठी शब्द शोधत बसण्यापेक्षा मी या बाईला आधीच उचलून आणायला हवं होतं, एवढंच डोक्यात घुमत होतं.

डॉक्टरीणबाईंनी बघितलं आणि बाहेर आल्या. "पिशवीत पू झालाय. ती आत फुटली तर मग माझ्या हातात काही राहणार नाही. आजच करायचं."

"हात दावा," नाना म्हणाले.

"काय?"

"हात दावा आदी."

मी पुढं होऊन काही सांगणार, तेवढ्यात बाईंनी खरंच दोन्ही हात पुढं केले. चाळिशीच्या असतील; बारीक चणीच्या, चटचट बोलणाऱ्या. नानांनी हात उलटेपालटे केले. नखं बघितली. मग स्वतःचा अंगठा त्यांच्यासमोर धरला.

"पिळा."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मॅडम, म्हशीची धार काढतात ना, तसा अंगठा पिळून दाखवा म्हणतायत." दवाखान्याच्या त्या खोलीत असं वाक्य मी बोलेन, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

बाईंनी चिमटीत धरून पिळला.

"आंगटा मुडपू नगा. म्हशीला दुकतंय. समदी मूठ वापरा. वरनं खाली, येक येक बोट."

बाईंनी पुन्हा पिळला. वरनं खाली, एक एक बोट. बाहेर स्ट्रेचर तयार होतं, आत नानी तापानं फणफणत होती, आणि भोरच्या त्या डॉक्टरीणबाई एका धनगराच्या अंगठ्याची धार काढत होत्या. नाना डोळे मिटून उभे होते.

"हात बारीक हाय," ते म्हणाले. "आमच्या हिचा बी असाच हाय. वाड्यावर म्हशीच्या पोटात रेडकू आडलं की हिलाच बलावत्यात. मोट्या हाताचं मानूस चालत न्हाई." मग जरा थांबून म्हणाले, "हात थरथरतोय तुमचा."

"बाबा," बाई म्हणाल्या, "तो तुमचा थरथरतोय."

नानांनी डोळे उघडून खाली बघितलं. खरंच त्यांचाच होता. बाईंनी अंगठा लगेच सोडला नाही, तसाच मुठीत धरून ठेवला. म्हणाल्या, "मी नीट करते." आणि मग गेल्या.

नानीला आत न्यायच्या आधी एक गोष्ट घडली. दवाखान्यातला एक माणूस हातात कागद घेऊन व्हरांड्यात आला आणि रीत असते त्याप्रमाणे त्यानं पेशंटचं नाव पुकारलं. पूर्ण नाव, मोठ्यानं, सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं. कुणी उत्तर दिलं नाही म्हणून पुन्हा पुकारलं. नाना बाकावरून उठून धावले आणि त्यांनी त्या माणसाच्या तोंडावर हात ठेवला. तो घाबरला, ओरडला. मी मधे पडले, माफी मागितली. नानीला आत नेलं. दार लागलं.

नाना भिंतीला टेकून खाली बसले. मी त्यांच्याशेजारी बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. घामानं पटका भिजला होता.

"नाना, नानीचं नाव घेतलं तर काय होणार आहे? ती काय पाव्हणा आहे का?"

त्यांनी दाराकडे बघितलं.

"बाई, नाव घेतलं की ध्यानात येतं."

"कुणाच्या?"

"न्हेनाऱ्याच्या," ते म्हणाले. "लई दुधाची म्हस आसंल तर तिचं नाव चारचौगांत घेऊ नये. दिष्ट लागती. म्हशीचं हे, तर मानसाचं किती. आमी दोगंच हाय घरात. तिसरं न्हाई. म्या म्हनलं, हिचं नाव म्या बी घ्याचं न्हाई, कुनाला घिऊ बी द्याचं न्हाई. न्हेनाऱ्याला कळायलाच नगं आसं कुनी हाय म्हनून." मग हळूच म्हणाले, "आज दोनदा वरडला त्यो."

नाव न घ्यायच्या गोष्टींची नानांची यादी मला साफ चुकीची कळली होती. त्यात सगळ्या भीतीदायक गोष्टी आहेत असं मला वाटत होतं. पाव्हणा, लांबडं येतील म्हणून भीती, आणि नानी जाईल म्हणून भीती, दोन्ही त्यांनी एकाच दोरीला बांधल्या होत्या. मी त्यांच्या आणखी जवळ सरकून बसले.

दिवेलागणीला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. थकलेल्या होत्या. "हातकाम झालं, बाबा," त्या म्हणाल्या. तो शब्द त्यांना कुणी सांगितला कोण जाणे. नानीनंच सांगितला असेल. "पिशवी फुटायच्या आत काढली. आता शुद्धीवर यायची वाट बघायची."

वाट बघितली. नानीला लहान खोलीत आणून ठेवलं. ती येईना. सिस्टर गालावर थोपटत होत्या, "आजी, डोळे उघडा. आजी, ओ आजी." भूल देणारे डॉक्टर येऊन बघून गेले. म्हणाले, श्वास चांगला आहे, वयामुळे उशीर होतोय. पण पुन्हा बघायला आले तेव्हा ते जरा जास्त वेळ थांबले, आणि ते मला आवडलं नाही. शेवटी सिस्टरांनी नानांना आत बोलावलं.

"घरच्या आवाजाला लवकर जाग येते. तुम्ही हाक मारा, बाबा."

नाना खाटेशी गेले. खाकरले.

नानीची पापणीही हलली नाही.

ते दोनदा खाकरले. मग लांबलचक, शेवटी घोगरं होणारं, भाकरीचं. मी दारात उभी होते. माझे कान नकळत त्या "आले"ची वाट बघत होते. काही नाही.

"खोकताय काय?" सिस्टर म्हणाल्या. त्यांना काय माहीत. "नावानं हाक मारा. नाव घ्या त्यांचं."

नानांनी माझ्याकडे बघितलं. लग्नात ज्यानं कूड मोडला, त्याला इथं मोडायला कूड नव्हता. पक्की भिंत होती, आणि खाटेवर ती होती. नाना वाकले. तिच्या कानाशी तोंड नेलं. पहिल्यांदा नुसते ओठ हलले. दुसऱ्यांदा आवाज फुटला, पण नाव नाही, नुसता श्वास. मग त्यांनी नाव घेतलं.

मी ऐकलं. लहानसं, दोन अक्षरांचं, मघाशी व्हरांड्यात पुकारलं त्याचंच घरगुती रूप. जन्मभर कधी बाहेर न आलेलं असूनही ते इतकं सहज आलं की ते मनातल्या मनात रोज घेतलं जात असणार, हे मला तिथंच कळलं. त्यांनी ते पुन्हा घेतलं. मग पुन्हा. मग घेतच राहिले, न थांबता, पोरासारखे रडत, आणि सिस्टर थोपटायचं थांबवून बाजूला झाल्या.

नानीच्या कपाळाला आठी पडली. ओठ कोरडे होते, जीभ जड होती. डोळे न उघडता ती म्हणाली, "आले."

नाना सरळ उभे राहिले. पटक्याच्या टोकानं तोंड पुसलं. दाराबाहेर व्हरांड्यात कुणी ऐकणारं आहे का ते बघितलं, मागं वळून बघितलं. मग खाटेला वळसा घालून पलीकडे गेले आणि खोलीची खिडकी लावून घेतली.